पाट्या रंगवणारा गिटारवाला

दुकानाच्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत रंगवणाऱ्याचं नाव टाकण्याची आपल्याकडे पद्धत होती. किराणा दुकान असो, सलून असो की सहकारी पतपेढी, कोपऱ्यात ‘पेंटर’ हा शब्द आणि पुढे कुणाचं तरी नाव असायचंच. पाटी वाचणारे हजार, ते कोपऱ्यातलं नाव वाचणारा एखादाच. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात समुद्रकाठी सी ब्राइट नावाचं एक चिमुकलं गाव आहे. १९५८ नंतरची कित्येक वर्षं तिथला एक उंच, हडकुळा, मितभाषी माणूस पाट्या रंगवून पोट भरत होता. पाटी रंगवून घ्यायला येणाऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाला ठाऊकही नसेल, की ब्रश धरलेल्या त्या लांबलचक बोटांनी काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या भल्याभल्या वादकांना चकित केलं होतं. या माणसाचं नाव टॅल्मेज होल्ट फार्लो. जॅझच्या जगात तो टॅल फार्लो.

आता तुम्ही म्हणाल, रविवारी सकाळी चहाच्या पेल्याबरोबर हा कोण कुठला गिटारवाला आमच्यापुढे आणून बसवलात? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी आपल्या ओळखीच्या एका नावापासून सुरुवात करतो. माहीमच्या झाकिर हुसेन यांनी १९७०च्या दशकात ज्याच्याबरोबर ‘शक्ती’ हा वाद्यमेळ उभा केला, तो इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन. ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला २०२४ साली ग्रॅमी मिळालं तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर कौतुक केलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकिरभाई गेले तेव्हा आपण सगळेच हळहळलो. या मॅकलॉफलिननं आपल्या किशोरवयातला आदर्श म्हणून अनेकदा टॅल फार्लोचं नाव घेतलं आहे. म्हणजे ज्या गिटारनं आपल्या तबल्याशी इतका जिवाभावाचा संवाद केला, तिच्या मुळाशी एक झरा या पेंटरच्या बोटांतून आलेला आहे. आणि तरीही त्याच्या ध्वनिमुद्रिका वर्षानुवर्षं बाजारात मिळत नव्हत्या. त्यांची ही हकीकत.

टॅल फार्लो वाजवायचा त्या जॅझला बीबॉप म्हणतात. १९३०च्या दशकातला जॅझ म्हणजे मुख्यतः मोठ्या बँडचं नाचाचं संगीत. १९४०च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काही तरुण वादक रात्री उशिरा, आपापली नोकरी संपल्यावर, मिंटन्स प्लेहाऊस नावाच्या क्लबात जमू लागले. थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी, पुढे चार्ली पार्कर. त्यांनी नाचणाऱ्यांची पर्वा सोडली. एखादं लोकप्रिय गाणं घ्यायचं, त्याच्या स्वरमेळांचा सांगाडा तेवढा ठेवायचा, वरची चाल काढून टाकायची आणि त्या सांगाड्यावर नवी, वेडीवाकडी, भन्नाट वेगाची चाल रचायची. आपल्याकडे बंदिशीचं तोंड तेवढं धरून गवई आवर्तनामागून आवर्तन नवं काही मांडत जातो, त्याच्याशी हे काही अंशी जुळतं. फरक इतकाच की आपला षड्ज अढळ असतो, आणि यांच्या पायाखालची जमीन दर दोन-चार मात्रांनी सरकत असते. त्या सरकत्या जमिनीवरून न अडखळता धावणं म्हणजे बीबॉप.

हे संगीत सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट या फुंकून वाजवायच्या वाद्यांतून जन्मलं. गिटारवाल्याची इथं पंचाईत. फुंकणाऱ्याला एका श्वासात दहा-पंधरा स्वर जोडता येतात. गिटारवर प्रत्येक स्वर छेडावा लागतो आणि छेडला की तो विझायला लागतो. शिवाय मोठ्या बँडमध्ये तिचा आवाजच पोचत नसे. ही कोंडी फोडली चार्ली क्रिश्चन या तरुणानं. बेनी गुडमनच्या वाद्यमेळात त्यानं विजेवरची गिटार हाती घेतली आणि ती सॅक्सोफोनच्या तोडीची बोलकी केली. पण १९४२च्या मार्चमध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयानं त्याचा घास घेतला. त्यानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं रेकॉर्ड कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. बीबॉप आकार घेत होता नेमक्या त्या काळात त्याचं रीतसर ध्वनिमुद्रण फारसं झालंच नाही. १९४१ साली मिंटन्समध्ये चार्ली क्रिश्चन कसा वाजवायचा हे आज आपल्याला ऐकायला मिळतं ते जेरी न्यूमन नावाच्या एका कॉलेजकुमारामुळे. तो आपलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र उचलून क्लबात न्यायचा आणि कुणी सांगितलेलं नसताना तबकड्या कापत बसायचा. हा न्यूमन लक्षात ठेवा. त्याच्यासारखाच आणखी एक छंदिष्ट पुढे येणार आहे.

टॅल फार्लोचा जन्म ७ जून १९२१चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो गावचा. घरात वडील हौसेनं तंतुवाद्यं वाजवत. पोराच्या हाती प्रथम आलं ते मेंडोलिन, आणि तेही युकुलेलीसारखं लावलेलं. त्यामुळे चार तारांवर स्वरमेळ धरण्याची त्याला सवय लागली. पुढे सहा तारांची गिटार मिळाली तेव्हा वरच्या चार तारांवर बोटं आणि खालच्या दोन जाड तारांवर गळ्याच्या मागून वळवून आणलेला अंगठा, अशी त्याची त्यानंच एक पद्धत बसवली. गुरू नाही, नोटेशन वाचता येत नाही. आयुष्यभर ते त्याला धड आलं नाही. शिकला होता तो पाट्या रंगवायला. त्या दुकानात तो मुद्दाम रात्रपाळी मागून घ्यायचा, कारण रात्री रेडिओवर मोठमोठ्या बँडचे कार्यक्रम लागत. हातात ब्रश, कानात रेडिओ. तिथंच एका रात्री चार्ली क्रिश्चनची गिटार त्यानं ऐकली आणि त्याचं आयुष्य बदललं. क्रिश्चनच्या रेकॉर्डी आणून त्यातला स्वरन् स्वर त्यानं कानानं उतरवून घेतला. विजेवरची गिटार विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून कानाला लावायच्या हेडफोनचे भाग काढून तिचा पिकअप घरीच बनवला.

व्यावसायिक वादक म्हणून तो उभा राहिला तेव्हा विशी उलटली होती. १९४९च्या अखेरीस व्हायब्राफोन वाजवणाऱ्या रेड नॉर्व्होनं त्याला आपल्या त्रिकुटात घेतलं. व्हायब्राफोन म्हणजे आपल्या काष्ठतरंगाचं धातूचं भावंड. तिसरा वादक होता चार्ल्स मिंगस, पुढे जॅझमधला एक थोर रचनाकार ठरलेला. नॉर्व्होनं त्याला शोधून काढलं तेव्हा तो पोस्टात नोकरी करत होता. या त्रिकुटात ड्रम नाही, पियानो नाही. आणि नॉर्व्होचा वेग असा की टॅलला सुरुवातीला धाप लागायची. त्यानं जिद्दीनं रियाज करून तो वेग गाठला आणि मग ओलांडला. ड्रम नसल्याची उणीव तो गिटारच्या तारा दाबून, त्यांवर बोटांनी ठेका धरून भरून काढी. त्याचा पंजा इतका मोठा की सहकाऱ्यांनी त्याला ‘ऑक्टोपस’ असं नाव ठेवलं. इतरांना दोन हात लागावेत असे स्वरमेळ तो एका पंजात धरायचा. १९५० आणि १९५१मध्ये या त्रिकुटानं ‘डिस्कव्हरी’ या छोट्या कंपनीसाठी जे वाजवलं, त्यातलं ‘मूव्ह’ ऐकून पाहा. तीन माणसं एकाच दोरीवरून पळताहेत आणि कुणीही खाली बघत नाही, असं वाटतं.

हे त्रिकूट मोडलं त्याला त्या काळच्या अमेरिकेचा रंग होता. १९५१ साली न्यूयॉर्कमधल्या एका टेलिव्हिजन कार्यक्रमाच्या वेळी कृष्णवर्णीय मिंगसच्या जागी गोरा बासवादक उभा करण्यात आला. नॉर्व्होच्या बाजूनं वादक-संघटनेच्या नियमाचं कारण दिलं गेलं. मिंगसला तो सरळसरळ वर्णभेद वाटला आणि तो निघून गेला. दोन वर्षं अहोरात्र एकत्र वाजवलेली माणसं एका कार्यक्रमापायी दुरावली. ज्या संगीताला आपण आज आनंदानं ऐकतो, त्याच्या मागं अशी शल्यं असतात. रेकॉर्डवर ती ऐकू येत नाहीत.

यानंतरची पाच-सहा वर्षं टॅल फार्लोची भरभराटीची. १९५४ साली ब्लू नोट कंपनीनं त्याची स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड काढली. ती दहा इंची होती. इथंच रेकॉर्ड कशा बेपत्ता होतात याचा पहिला धडा मिळतो. १९५५-५६च्या सुमाराला सगळ्या कंपन्यांनी बारा इंची आकार पत्करला आणि दहा इंची तबकड्या दुकानांतून उतरल्या. संगीत वाईट म्हणून नव्हे, तर आकार जुना म्हणून! त्या रेकॉर्डवर ड्रम वाजवणारा होता जो मोरेलो. हाच मोरेलो पुढे डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीत गेला आणि १९५८ साली ब्रुबेकबरोबर मुंबईत येऊन वाजवून गेला. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या मुंबईकरांत गोव्याचे कितीतरी वादक असणार. दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन-ट्रम्पेट वाजवणारे आणि रात्री हॉटेलात जॅझ खेळणारे. आपल्या हिंदी गाण्यांच्या मधल्या तुकड्यांत जे झणझणीत ब्रास वाजतं, ते बव्हंशी याच मंडळींनी आणलं.

ब्लू नोटनंतर नॉर्मन ग्रँझ या धडाडीच्या निर्मात्यानं टॅलला आपल्या नॉरग्रॅन कंपनीत घेतलं. ‘ऑटम इन न्यूयॉर्क’, ‘द इंटरप्रिटेशन्स ऑफ टॅल फार्लो’, ‘अ रिसायटल बाय टॅल फार्लो’ अशा एलपी एकामागून एक आल्या. ‘ऑटम इन न्यूयॉर्क’वर ‘चेरोकी’ नावाची चीज आहे. बीबॉपवाल्यांची ही अग्निपरीक्षा. टॅल ती अशा वेगानं वाजवतो की हसू फुटतं, आणि गंमत म्हणजे त्या वेगातही त्याचा सूर कर्कश होत नाही. पण नुसत्या वेगाचं कौतुक करून थांबणं हा त्याच्यावर अन्याय ठरेल. त्याच रेकॉर्डवर शीर्षकाचं संथ गाणं आहे. ते ऐकताना कळतं की हा माणूस पावसाळी संध्याकाळी खिडकीशी नुसता बसूनही राहू शकतो.

माझ्या लेखी मात्र त्याचं खरं शिखर १९५६ सालचं. सोबत पियानोवर एडी कोस्टा आणि बासवर व्हिनी बर्क. पुन्हा त्रिकूट, पुन्हा ड्रम नाही. एडी कोस्टा हा पंचविशीतला विलक्षण पोरगा. पियानोवाले सहसा उजव्या बाजूच्या उंच पट्ट्यांवर खेळतात. हा खालच्या, गडद, ढोलासारख्या घुमणाऱ्या पट्ट्या हाणायचा. वर टॅलची सळसळती गिटार आणि खाली कोस्टाचा गडगडाट, आणि मध्ये बर्कचा न ढळणारा ठेका. या तिघांच्या दोन एलपी निघाल्या: नुसती ‘टॅल’ आणि ‘द स्विंगिंग गिटार ऑफ टॅल फार्लो’. पहिलीवरचं ‘यस्टरडेज’ आणि दुसरीवरचं चार्ली पार्करचं ‘यार्डबर्ड स्वीट’ या दोन चिजा ज्यानं ऐकल्या, त्याला बीबॉप म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

याच तिघांचं आणखी एक ध्वनिमुद्रण आहे आणि माझं मन सगळ्यांत जास्त अडकलं आहे ते त्यात. १९५६च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एड फ्युर्स्ट नावाच्या एका रसिकाच्या घरी हे तिघं जमले. स्टुडिओ नाही, काचेपलीकडे घड्याळ बघणारा निर्माता नाही, तिकीट काढलेला श्रोता नाही. दिवाणखाना, चार मित्र आणि यजमानाचं टेपरेकॉर्डर. आपल्याकडच्या घरगुती बैठकीच्या ध्वनिफिती ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना निराळं सांगायला नको. गवई तोच, राग तोच. पण कंपनीच्या तबकडीवरचं गाणं आणि ओळखीच्या माणसांत, घड्याळ विसरून झालेलं गाणं यांत जमीनअस्मानाचा फरक. टॅल इथं निवांत, लांबलचक वाजवतो. एखादी कल्पना सुचली की तिला शेवटपर्यंत पोचवून येतो. एलपीवर चार-पाच मिनिटांत आटोपावं लागलेलं इथं दुप्पट-तिप्पट फुलतं. ही फीत जवळजवळ वीस वर्षं घरात पडून होती. १९७०च्या दशकात डॉन श्लिटन या निर्मात्यानं आपल्या झानाडू कंपनीतर्फे ती ‘फ्युर्स्ट सेट’ आणि ‘सेकंड सेट’ या दोन रेकॉर्डींच्या रूपानं बाहेर काढली. ‘फर्स्ट’ आणि ‘फ्युर्स्ट’ यांवरची कोटी यजमानाच्या नावाला मानाचा मुजरा करून गेली. पुढे झानाडूही बंद पडली आणि या दोन्ही रेकॉर्डी पुन्हा दुर्मीळ झाल्या.

इकडे १९५८ साली टॅलनं लग्न केलं आणि न्यूयॉर्क सोडून तो सी ब्राइटला राहायला गेला. व्यसन नाही, भांडण नाही, कुठली सनसनाटी नाही. क्लबांच्या त्या जगातला धंद्याचा भाग त्याला रुचत नव्हता. हातात दुसरं कसब होतं. गावातल्या छोट्या ठिकाणी अधूनमधून वाजवावं, शिकायला येईल त्याला शिकवावं आणि पाट्या रंगवाव्यात, हे त्याला पुरेसं होतं. १९६२ साली गिब्सन कंपनीनं ‘टॅल फार्लो’ नावाची गिटार बाजारात आणली. नाव गिटारवर झळकत होतं आणि नावाचा धनी दुसऱ्यांची नावं रंगवत होता! त्याच १९६२च्या जुलैमध्ये एडी कोस्टा मोटार अपघातात गेला. वय एकतीस. तो आवाज पुन्हा कधी निर्माण होणार नव्हता. जे काही उरलं ते तबकड्यांवर.

आणि तबकड्यांचं काय झालं? १९५६ साली ग्रँझनं आपल्या छोट्या कंपन्या ‘व्हर्व्ह’ या नव्या नावाखाली एकत्र केल्या होत्या. १९६०च्या अखेरीस त्यानं व्हर्व्ह एमजीएम या सिनेकंपनीला विकली. तिथून ती पॉलिग्रॅमकडे, तिथून १९९८ साली युनिव्हर्सलकडे गेली. वाडा विकला जातो तसं हे. नवा मालक दर्शनी खोल्या रंगवून घेतो, माळ्यावरच्या ट्रंका कोण उघडणार? एला फिट्झजेराल्ड, ऑस्कर पीटरसन ही व्हर्व्हची खपाऊ नावं. गावात पाट्या रंगवत बसलेल्या, दौरे न करणाऱ्या वादकाच्या रेकॉर्डी पुन्हा छापून त्या खपणार कशा, हा व्यापाऱ्याचा हिशेब. त्याला दुष्टपणा म्हणता येत नाही. पण त्या हिशेबात एक गोम आहे. रेकॉर्ड दुकानात नाही म्हणून नवे श्रोते नाहीत, आणि नवे श्रोते नाहीत म्हणून रेकॉर्ड दुकानात नाही. हे चक्र फिरत राहिलं. मधल्या काळात जपानी कंपन्यांनी काही एलपी मूळ मुखपृष्ठांसह, अतिशय निगुतीनं पुन्हा काढल्या. अमेरिकेतला माणूस स्वतःच्याच देशातलं संगीत जपानहून मागवू लागला!

मुंबईत आमच्यापर्यंत हे पोचलं ते असंच वळणावळणानं. मला गिटार शिकवणारे सर वांद्र्याचे, मूळ गोव्याचे. त्यांच्या तरुणपणी परदेशी एलपी इथं सहज मिळत नसत. बोटीवर नोकरी करणारे नातेवाईक सुटीवर येताना बॅगेत दोन-तीन घेऊन येत. बाकी आधार शॉर्टवेव्हचा. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हर हा निवेदक १९५५पासून रोज जॅझ ऐकवायचा आणि आमचे सर खरखरीतून स्वर वेचत बसायचे. मी शिकायला गेलो तेव्हा पहिले दोन महिने त्यांनी गिटारला हात लावू दिला नाही. ‘‘आधी कान धुऊन घे, मग बोटं,’’ म्हणायचे. कान धुवायला जी कॅसेट लावायचे तिच्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरांत फक्त ‘टॅल, घरात’ असं लिहिलेलं होतं. ती ‘फ्युर्स्ट सेट’ची प्रत होती, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. कुणाच्या तरी रेकॉर्डवरून कुणीतरी उतरवलेली, तिच्यावरून सरांनी उतरवलेली. न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यातून वांद्र्याच्या दिवाणखान्यात, मध्ये एकही दुकान नाही.

सर गेल्यावर महिन्याभरात त्यांच्या मुलाचा फोन आला. मुलं परदेशात, घर रिकामं करायचं होतं. मी गेलो तेव्हा एलपींची विल्हेवाट आधीच लागली होती. कुणीतरी वजनावर घेऊन गेलं होतं. मुलगा भला माणूस, त्याला बिचाऱ्याला हे काय आहे ते माहीतच नव्हतं आणि सांगणाराही कुणी नव्हता. दोन खोक्यांत कॅसेटी मात्र होत्या. ‘‘अंकल, ह्या चालतील का तुम्हाला?’’ त्यानं विचारलं. त्या खोक्यांत ‘टॅल, घरात’ होती. नंतर मी ती संगणकावर उतरवून घेतली. फीत जुनी झाल्यानं काही जागी आवाज बुडतो, आणि एका ठिकाणी, गाण्याच्या ऐन मध्यावर, सरांच्या घराची बेल वाजते. आज त्या चिजेची स्वच्छ प्रत मला मिळू शकते. पण बेल असलेली प्रत मी पुसून टाकू शकत नाही. सरांचा स्वतःचा असा एकही सूर कुठं ध्वनिमुद्रित झालेला नाही. हॉटेलात, रेकॉर्डिंगला, लग्नात ते आयुष्यभर वाजवत राहिले. पण त्यांच्या आयुष्यात कुणी जेरी न्यूमन आला नाही, की कुणी एड फ्युर्स्ट.

टॅल त्या बाबतीत सुदैवी. १९६९ साली प्रेस्टिज कंपनीनं ‘द रिटर्न ऑफ टॅल फार्लो’ काढून त्याला पुन्हा लोकांसमोर आणलं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियाच्या कॉन्कर्ड कंपनीनं त्याच्या अनेक रेकॉर्डी काढल्या. त्यांतल्या एकीचं नाव ‘अ साइन ऑफ द टाइम्स’. पेंटरच्या पाटीवरचा तो श्लेष इंग्रजी जाणणाऱ्यांना कळेल. १९८१ साली लोरेन्झो डिस्टेफानो यानं त्याच्यावर माहितीपट केला. उतारवयात तो पुन्हा देशोदेशी वाजवू लागला आणि २५ जुलै १९९८ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगानं गेला. त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, २००४ साली, मोझेइक या जुन्या जॅझला वाहिलेल्या कंपनीनं त्याचं सगळं व्हर्व्हचं काम सात सीडींच्या संचात एकत्र केलं. मोझेइकची रीत अशी की मोजक्याच प्रती काढायच्या आणि संपल्या की संपल्या. तो संचही आता संपला. म्हणजे अप्राप्य रेकॉर्डींचा संग्रहच अप्राप्य झाला!

आजचा तरुण वाचक म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? मोबाइलवर सगळं मिळतं. पुष्कळ मिळतं, हे खरंच. टॅलच्या १९५०च्या दशकातल्या कितीतरी चिजा आज बोटाच्या टोकाशी आहेत, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण कुणामुळे मिळतं तेही पाहू. युरोपात १९६२ साल संपेपर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क संपलेले आहेत. त्यामुळे तिथल्या छोट्या कंपन्या ही मुद्रणं खुशाल बाजारात आणतात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा, म्हणजे १९५६ची ‘टॅल’ आपल्या कायद्यानं २०१६ अखेर मोकळी झाली. अमेरिकेत, जिथं ती वाजवली गेली तिथं मात्र, २०१८च्या कायद्यानुसार ती २०६६ अखेरपर्यंत बांधलेली आहे. एकच रेकॉर्ड एका देशात सर्वांची आणि दुसऱ्या देशात मालकाच्या कुलपात. आणि मोबाइलवरचं संगीत आपलं नसतं. करार संपला की चीज एका रात्रीत नाहीशी होते आणि कारण सांगायलाही कुणी येत नाही. शिवाय पियानोवर कोण, बासवर कोण, कुठल्या महिन्यात, कुणाच्या घरी, हा तपशील तिथं बहुधा गळलेला असतो. एडी कोस्टाचं नावच न दिसता कुणी ‘यस्टरडेज’ ऐकत असेल, तर तो पोरगा दुसऱ्यांदा मेला म्हणायचा.

मूळ फिती तरी सुरक्षित असतात का? १ जून २००८ रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात लागलेल्या आगीत एक फितींचं कोठार जळालं. तिथं कायकाय होतं आणि हानी किती मोठी, याची सविस्तर बातमी जगाला कळली ती अकरा वर्षांनी, २०१९ साली. अकरा वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. यावर अधिक काय बोलावं!

आपल्याकडे १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली आणि जुन्या तबकड्या जमवणाऱ्या, त्यांची नोंद ठेवणाऱ्या मंडळींना हक्काची जागा मिळाली. हे काम करणारे कुणी संस्थानिक नव्हते. नोकरी सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन, चोरबाजारात उन्हात उकिडवं बसून तबकड्या निवडणारी साधी माणसं. संगीताच्या इतिहासात यांचं नाव येतं ते आभाराच्या शेवटच्या ओळीत. पण ही माणसं नसती तर आभार मानायला फारसं काही उरलंच नसतं.

तेव्हा रविवारची एक विनंती. तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, एखाद्या काकांच्या बंद घरात अशी खोकी असतील. लग्नातलं सनईवादन, गणेशोत्सवातला कुणा स्थानिक गवयाचा कार्यक्रम, आजीच्या ओव्या, वडिलांनी हौसेनं टेप केलेली बैठक. ती खोकी वजनावर देण्याआधी एकदा उघडा. कॅसेटवरचं हस्ताक्षर वाचा. ज्यांना त्यातली नावं ओळखता येतात अशी वडीलधारी माणसं घरात आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसा, आणि कोण, कुठं, कधी हे एका वहीत लिहून घ्या. फीत दुसऱ्या माध्यमावर उतरवून देणारे लोक शहरात आहेत. पण त्या वहीतली नावं नंतर कोणतंही यंत्र सांगू शकणार नाही.

आणि आज दुपारी जेवणानंतर घरात शांतता झाली की ‘यस्टरडेज’ लावा. तीन वादक आहेत. गिटारवर टॅल फार्लो, पियानोवर एडी कोस्टा, बासवर व्हिनी बर्क. साल १९५६, गाव न्यूयॉर्क. ऐकण्यापूर्वी ही नावं घरातल्या मुलांना एकदा मोठ्यानं सांगा.